जुन्या सेसनाच्या डाव्या पंखाचे काम: बेळगावजवळच्या एका कार्यशाळेचा अनुभव

आमचे विमान १९७५ सालचे सेसना १७२ एम, म्हणजे एका इंजिनाचे छोटे चार आसनी विमान आहे आणि ते आम्हा तिघांच्या मालकीचे आहे. दोघा भागीदारांचे बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत कारखाने आहेत. मी बँकेतून निवृत्त झालेलो असल्यामुळे लॉगबुके, विमा आणि परवानग्यांचे कागद सांभाळण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले. गेल्या पावसाळ्यात विमान ढकलत हँगरमध्ये घेताना डाव्या पंखाची पुढची कड दाराच्या लोखंडी चौकटीला लागली आणि टोकापासून हातभर आत, दोन रिबांच्या (पंखाला आकार देणाऱ्या आतल्या फासळ्यांच्या) मधोमध, ताटलीएवढा पोचा पडला. चूक आमचीच होती आणि तिचे वर्णन अधिक करण्यात अर्थ नाही. त्याच सुमारास झालेल्या वार्षिक तपासणीत डाव्या फ्लॅपच्या (कमी वेगात उडताना खाली उतरवायच्या, पंखामागच्या झडपेच्या) रोलरमध्ये खेळ म्हणजे ढिलेपणा आढळला आणि एलेरॉनच्या (विमान डावी-उजवीकडे कलते करणाऱ्या, पंखाच्या टोकाजवळच्या झडपेच्या) केबलवर कापसाचा बोळा फिरवला तेव्हा तो एका पुलीजवळ अडकला. केबलच्या बारीक तारांपैकी एखादी जरी तुटली असेल, तरी कापूस तिथे अडकतो. तपासणीची ही पद्धत जुनी असली तरी अचूक आहे.

काम बेळगाव शहराबाहेर, सांबऱ्याच्या बाजूला असलेल्या एका छोट्या कार्यशाळेला दिले. तिचे नाव मी येथे देत नाही. एकतर इनमीन सात माणसांची ती जागा आहे आणि दुसरे म्हणजे पुढे काही तक्रारीही लिहिणार आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची सीएआर-१४५ ही विमानदुरुस्तीची मान्यता तिच्याकडे आहे आणि आमच्या प्रकारचे विमान त्या मान्यतेच्या कक्षेत येते, एवढे मी काम देण्याआधी कागदावर पाहून घेतले होते. दुसरा पर्याय बेंगळुरूच्या जक्कूर विमानतळावरचा होता, पण पोचा पडलेल्या पंखासह तिथवर उडत जायचे म्हणजे त्यासाठी वेगळी परवानगी काढावी लागणार होती आणि कामावर लक्ष ठेवायला दर आठवड्याला बेंगळुरू गाठणे आम्हाला जमण्यासारखे नव्हते.

सुरुवातीला आमची अपेक्षा अशी होती की पोचा आतून ठोकून बाहेर काढतील, वर भरावाचे लुकण लावून रंग मारतील आणि पंधरा दिवसांत विमान परत देतील. कार्यशाळेतील धातूकामाचे प्रमुख हवाई दलातून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. ते कामगारांशी कन्नडमध्ये बोलतात आणि आमच्याशी मराठीत. त्यांनी ही कल्पना पहिल्याच भेटीत मोडून काढली. पंखाचा पत्रा २०२४-टी३ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. त्याला पोचा पडतो तेव्हा तो नुसता वाकत नाही, ताणलाही जातो, आणि ताणलेला पत्रा ठोकून पुन्हा मूळ मापात बसत नाही. उलट ठोकल्याने तो अधिक कडक व ठिसूळ होतो आणि पुढे तिथेच चीर जाण्याचा धोका राहतो. त्यातून ही पंखाची पुढची कड. हवा पंखाला सर्वप्रथम इथे भेटते आणि कमी वेगात पंख किती वेळ साथ देणार हे बऱ्याच अंशी या कडेच्या गोलाईवर ठरते. सेसनाने १७२ एम बाजारात आणताना याच कडेचा आकार बदलून ती किंचित खाली झुकवली होती, म्हणजे आमच्या मॉडेलचा तो मुख्य गुण होता आणि आम्ही नेमका त्यावरच घाव घातला होता.

खर्चाचा अंदाज मागितला तेव्हा अण्णा म्हणाले, ‘साहेब, पत्रा उघडल्याबिगर आत काय हाय ते सांगता येत न्हाई. आत्ता आकडा सांगितला तर तो खोटा हुईल.’ हे उत्तर मला त्या वेळी टाळाटाळीचे वाटले. आता वाटत नाही. मात्र त्याचा कार्यशाळेने पुढे जो सोयीस्कर उपयोग केला त्याबद्दल नंतर लिहीन.

पंख उतरवण्याचा दिवस पाहण्यासारखा होता. इंधन काढून घेतले, केबलींचा ताण कमीजास्त करणारे टर्नबकल सोडले, विजेच्या तारांना चिठ्ठ्या लावल्या, स्ट्रट, म्हणजे पंखाला खालून धरणारा तिरका दांडा, मोकळा केला आणि मग चार माणसांनी पंख उचलून गादी घातलेल्या लाकडी घोड्यांवर ठेवला. टाकी बाहेर काढल्यावर तिच्याखालचे फेल्टचे पट्टे दिसले. गेली कित्येक वर्षे त्यांनी ओल धरून ठेवली होती आणि त्यांच्याखाली, पत्र्यावर, पिठासारखी पांढरी भुकटी जमली होती. ॲल्युमिनियमचा गंज तांबडा नसतो, असा दिसतो. पंखाच्या टोकाकडच्या पोकळीत कुंभारमाशीची मातीची तीन घरटी निघाली. त्या मातीनेही तेच काम केले होते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा कशी असते हे खानापूर-बेळगावच्या माणसाला सांगायला नको, आणि बंद पंखाच्या आत ती ओल ऑक्टोबरनंतरही राहते हे मला त्या दिवशी कळले. परिणामी एका पत्र्याच्या कामात दोन स्ट्रिंगरचे (पत्र्याला आतून आधार देणाऱ्या लांब पट्ट्यांचे) तुकडे, एका रिबची दुरुस्ती आणि टाकीच्या खोलीतील सफाई यांची भर पडली.

कार्यशाळेचा खरा गुण रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्या, काढण्यात दिसला आणि या परीक्षणात मी सर्वांत जास्त जागा त्याला देणार आहे, कारण जुन्या पंखाचे काम बिघडते ते बहुधा इथेच. नवा पत्रा विकत मिळतो. पण तो ज्या रिबांवर आणि स्पारवर (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळईवर) बसायचा, त्यांच्यातली भोके जुनीच असतात. रिव्हेट काढताना ड्रिल थोडे जरी कलले, तरी खालचे भोक लंबगोल होते. मग तिथे पुढच्या मापाचा रिव्हेट घालावा लागतो, म्हणजे १/८ इंचाच्या जागी ५/३२, आणि त्यासाठी भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट धातू शिल्लक असायला हवा. जुन्या रिबच्या अरुंद कडेवर तेवढी जागा अनेकदा नसते. तेव्हा रिबही बदला, असे काम वाढत जाते. इथला कामगार प्रत्येक रिव्हेटच्या डोक्याच्या मध्यावर असलेल्या बारीक खळग्यात ड्रिलचे टोक ठेवत होता, भोकापेक्षा एक माप लहान ड्रिल वापरत होता, फक्त डोक्याच्या जाडीएवढेच खोल जात होता आणि मग पंचने डोके तोडून उरलेला दांडा मागून टेका देऊन हळूच बाहेर काढत होता. एका रिव्हेटला दीड-दोन मिनिटे लागत. मी दोन दिवस तिथे खुर्ची टाकून बसलो होतो. संपूर्ण कडेच्या कामात शेवटी नऊ भोके पुढच्या मापावर गेली. प्रत्येकाची जागा पंखाच्या आकृतीवर लाल शाईने नोंदवून तो कागद त्यांनी कामाच्या नोंदींना जोडला आहे.

याच दिवसांतला एक लहान प्रसंग सांगण्यासारखा आहे. नव्याने लागलेला एक मुलगा पत्र्यावर आखणी करायला कानावरची पेन्सिल काढू लागला, तेव्हा अण्णांनी ती त्याच्या हातातून घेतली आणि खिडकीबाहेर टाकली. पेन्सिलीतले ग्रॅफाइट ॲल्युमिनियमवर राहिले आणि त्याला ओल मिळाली की त्या रेषेवरच गंज धरतो. आखणी बारीक टोकाच्या मार्करनेच करायची. तो मुलगा सुताराच्या घरातला होता, त्यामुळे पेन्सिल कानावर असणे स्वाभाविकच होते.

पत्रा काढलेल्या अवस्थेत पंख कसा ठेवला जातो, याकडेही मालकाने लक्ष द्यावे. पुढचा स्पार आणि त्याला पुढून वेढणारा पत्रा मिळून एक बंद पेटी होते आणि पिळाला तोंड देण्याचे पंखाचे बळ बरेचसे त्या पेटीत असते. पत्रा निघाला की पंख लवचीक होतो. अशा वेळी तो थोडा जरी पिळलेला राहिला आणि तसाच नवा पत्रा त्यावर रिव्हेट झाला, तर तो पीळ कायमचा आत कोंडला जातो. सेसना १७२ च्या पंखात मुळापासून टोकापर्यंत तीन अंशांचा पीळ मुद्दाम दिलेला असतो, म्हणजे वेग फार कमी झाला तर पंखाचे मूळ आधी स्टॉल होते, म्हणजे उचल गमावते, आणि टोकाजवळच्या एलेरॉनचा ताबा अधिक वेळ टिकतो. कार्यशाळेने पंख चार ठिकाणी आधारलेल्या चौकटीत बांधला होता आणि रोज सकाळी काम सुरू करण्याआधी कोनमापक लावून दोन्ही टोकांचे आकडे फळ्यावर लिहिले जात. हा फळा मला त्यांच्या भिंतीवरच्या सर्व प्रमाणपत्रांपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटला.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी तक्रार चुकीच्या पत्र्याची. परदेशातून मागवलेली पेटी आली, विमानाच्या भागाला लागणारे प्रमाणपत्र तिच्यात होते, भाग क्रमांक मागणीपत्राशी जुळत होता आणि तरीही पत्रा रिबांवर ठेवला तेव्हा खालच्या बाजूला बोटभर फट राहिली. तो आमच्या आधीच्या मॉडेलचा, न झुकलेल्या कडेचा पत्रा होता. भागांच्या कॅटलॉगमध्ये एकाच आकृतीखाली वेगवेगळ्या अनुक्रमांकांच्या विमानांसाठी वेगवेगळे भाग क्रमांक असतात आणि मागणीपत्र करणाऱ्याने शेजारची ओळ वाचली होती. चूक कबूल करायला त्यांना दोन दिवस लागले, परतीच्या भाड्याचा अर्धा भार त्यांनी उचलला आणि आमचे सहा आठवडे गेले. लांब, आकार दिलेला पत्रा गुंडाळता येत नाही. तो लाकडी पेटीतच येतो आणि त्या पेटीचे भाडे आतल्या मालाच्या किमतीच्या आसपास जाते, त्यामुळे ही चूक स्वस्तातली नव्हती. तेव्हापासून मी मागणीपत्रावर विमानाचा अनुक्रमांक स्वतः पडताळून सही करतो. जुलै २०२४ पासून विमानांच्या सुट्या भागांच्या आयातीवर सरसकट ५ टक्के एकात्मिक वस्तू व सेवा कर आहे. त्यापूर्वी भागागणिक दर वेगळे असल्याने जे वाद होत ते आता होत नाहीत, एवढाच या व्यवहारातला दिलासा.

फ्लॅपच्या रोलरवरून आमच्यातच एक वाद झाला, आणि त्यात कार्यशाळेने घेतलेली भूमिका मला महत्त्वाची वाटते. रोलर म्हणजे अंगठ्याएवढी वस्तू आहे. माझे एक भागीदार म्हणाले की माप द्या, संध्याकाळपर्यंत माझ्या लेथवर त्याहून चांगला करून देतो. ते खोटे बोलत नव्हते. उद्यमबागेत अशी कामे रोज होतात, आणि महामार्गाने तासाभराच्या आत असलेल्या हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रातून तर एअरबस आणि बोईंगच्या विमानांचे भाग जगभर जातात. अशा जिल्ह्यात बसून एका रोलरसाठी अमेरिकेकडे डोळे लावायचे, हे त्यांच्या पचनी पडेना. अण्णांनी वाद घातला नाही. त्यांनी जुना रोलर आणि ज्या पट्टीत तो फिरतो ती पट्टी शेजारी ठेवून दाखवली. रोलर पट्टीपेक्षा कठीण झाला तर पट्टी खाणार, मऊ झाला तर स्वतः झिजणार. कारखान्याने दोन्हींची कठीणता ठरवून दिलेली असते आणि ती आपण नुसते माप घेऊन ओळखू शकत नाही. हत्तरगीतही भागाइतकेच महत्त्व त्याच्या कागदाला आहे, धातूची कोणती तुकडी, कोणती भट्टी, कोणी तपासले, हे सारे त्यावर असते. ‘कागद न्हाई तर भाग न्हाई,’ एवढेच ते म्हणाले आणि चहा मागवला. भागीदार अजूनही पूर्ण पटलेले नाहीत. मला पटले आहे, कारण एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेत डेटोना बीच येथे एका पायपर प्रशिक्षण विमानाचा पंख उड्डाणातच निखळला आणि त्यामागे स्पारच्या खालच्या पट्टीत बोल्टच्या भोकाशी धातूच्या थकव्याने गेलेली चीर होती, हे मी वाचलेले आहे. सेसनाची स्ट्रट असलेली रचना वेगळी आहे, पण पंखाच्या बाबतीत ‘चालून जाईल’ हा शब्द मला तेव्हापासून नको वाटतो. स्ट्रटच्या जोडाजवळची एडी करंट तपासणी (डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा विजेच्या प्रवाहाने शोधण्याची पद्धत) त्यामुळेच आम्ही या कामात करून घेतली. कार्यशाळेकडे त्याचे यंत्र नाही, बाहेरून माणूस बोलवावा लागला आणि त्यात आणखी आठवडा गेला.

नवा पत्रा बसवण्याचे काम मात्र निर्दोष झाले. आतून रूपांतरण प्रक्रिया (गंज रोखणारा रासायनिक थर) आणि प्रायमर, मग शेकडो क्लेको, म्हणजे तात्पुरत्या पकडी, लावून पूर्ण कड एकदा कोरडी बसवून पाहणे, पुन्हा काढून भोकांच्या कडा साफ करणे, आणि मगच रिव्हेट. पत्र्याची शेवटची ओळ बंद करताना आतून डॉली (रिव्हेटमागे टेकवायचा धातूचा ठोकळा) धरायला हात पोचत नाही, तेव्हा बाहेरून ओढून बसवायचे रिव्हेट वापरण्याचा मोह होतो. इथे एका सडपातळ मुलाने तपासणीच्या खिडकीतून खांद्यापर्यंत हात घालून डॉली धरली आणि ओढायचे रिव्हेट फक्त उत्पादकाच्या दुरुस्ती-पुस्तकात परवानगी असलेल्या मोजक्या ठिकाणी आले. ठोकलेल्या बाजूचे डोके व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्म्याइतके उंच असावे लागते. त्यासाठी त्यांच्याकडे छोटे गेज आहे आणि मी ‘दाखवतो तो रिव्हेट तपासा’ म्हटले तेव्हा कोणी नाक मुरडले नाही. रंगाबद्दल चांगले लिहिता येत नाही. पांढऱ्याची छटा जुळली नाही, उन्हात डावी कड वेगळी दिसते. एलेरॉन मात्र त्यांनी रंगानंतर पुन्हा तोलून पाहिले. रंगाचा थर चढला की एलेरॉनची मागची बाजू जड होते आणि तोल बिघडलेले एलेरॉन वेगात फडफडू लागू शकते, म्हणून हा टप्पा गाळता येत नाही. बिजागरीची पिनही त्याच वेळी बदलली.

जोडणीनंतर एलेरॉनच्या केबलचा ताण पुस्तकाप्रमाणे ४० पौंडांच्या आसपास आणला, टर्नबकलना सुरक्षा तार घातली आणि पहिल्या चाचणी उड्डाणात विमान हात सोडला की डावीकडे झुकू लागले. मी खरोखरच घाबरलो. तो कोंडलेला पीळच असणार असे मला वाटले. फळ्यावरचे आकडे पुन्हा मोजले, ते बरोबर होते. सेसनाच्या मागच्या स्पारच्या जोडावर मध्य सोडून भोक असलेले दोन बुश (बोल्टभोवतीची धातूची कडी) असतात. दोन्ही एकत्र फिरवले की पंखाचा मागचा भाग किंचित वर-खाली होतो आणि असा झुकाव काढता येतो. त्यांनी तो दुसऱ्या दिवशी काढला, दुसरे उड्डाण सरळ झाले आणि या कामाचे वेगळे पैसे मागितले नाहीत.

पैशांचे म्हणाल तर अंतिम बिल आमच्या पहिल्या अंदाजाच्या पावणेदोनपट झाले. उघडल्यावर निघालेल्या गंजाचा भाग मी मान्य केला. पण ‘उघडल्याबिगर कळत न्हाई’ हे वाक्य ज्या गोष्टी आधीच कळत होत्या त्यांनाही लावले गेले, उदाहरणार्थ रंगाची मजुरी, पंख उतरवणे-चढवणे आणि कागदपत्रांचे शुल्क. या रकमा पहिल्याच दिवशी लिहून देता आल्या असत्या. तारखांबाबतही तसेच. दसऱ्यापर्यंत देतो म्हणाले, दिवाळी झाली, विमान नवीन वर्षात उडाले. कार्यालयातला फोन दुपारी कोणी उचलत नाही. अण्णांना थेट विचारले तर खरे उत्तर मिळते, पण त्यांचा फोन सहसा कपाटात असतो. कागद मात्र शेवटी पूर्ण मिळाले: काढलेल्या आणि बसवलेल्या प्रत्येक भागाची नोंद, आयात भागांची मूळ प्रमाणपत्रे, नवीन वजन व तोल पत्रक आणि सेवेत परत देण्याचे प्रमाणपत्र. काढलेले जुने भाग आम्ही मागून घेतले; ज्याला विमान विकायचे असेल किंवा विम्याचा दावा करायचा असेल त्याने ते मागावेतच, आणि पत्रा बंद होण्याआधी आतली छायाचित्रेही स्वतः काढून ठेवावीत.

उजव्या पंखाच्या टाकीखाली तेच फेल्ट आहे आणि तेही तितकेच जुने. ते काम मार्चमध्ये, वळवाच्या पावसाआधी, याच कार्यशाळेला दिले आहे. या वेळी माझ्या आग्रहावरून अंदाजपत्रक दोन भागांत आले: जे आज माहीत आहे त्याचे आकडे एका बाजूला आणि उघडल्यावर ठरणाऱ्या गोष्टींच्या रिकाम्या ओळी दुसऱ्या बाजूला. रंगाची छटा कोण ठरवणार, ती ओळ मी त्यात हाताने लिहून त्यांची सही घेतली.